खवट शेंगदाणे आणि गालावरची मुरमं

बेळगावच्या पावसात शेंगदाण्याचा डबा नीट लागला नाही, तर श्रावणातच त्याला खवट वास मारू लागतो. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, रेणू तुटतात आणि त्या तुकड्यांत मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, नावाचा पदार्थ तयार होतो. मुरमं असलेल्यांच्या रक्तात संशोधक शोधतात, तो हाच एमडीए.

मोजायची रीतही तीच. रक्तद्रवात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचं, नळी तापवायची. एमडीए असेल तर गुलाबी रंग चढतो. तो ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती गडद दिसतो, ते यंत्र सांगतं. खाद्यतेलाचा खवटपणाही असाच तपासतात.

आमच्या शहापूरच्या घरात मात्र आईचं निदान यंत्राशिवाय तयार असतं. भाचीच्या गालावर पुळ्या दिसल्या की, "रक्त खराब झालंय, कडुनिंबाचा रस पाज तिला." शेजारच्या कन्नड काकू त्यांना 'मोडवे' म्हणतात, निदान तेच.

खवटपणा सुरू होतो तो कातडीत. चेहऱ्यावरच्या तेलात सुमारे १२ टक्के स्क्वॅलिन नावाचा तेलकट पदार्थ असतो आणि त्याच्या रेणूत सहा दुहेरी बंध; ऑक्सिजनला आयतंच सापडलेलं. असं बिघडलेलं स्क्वॅलिन रंध्रं बुजवायला मदत करतं. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं आक्रमक रूप, सोडतात, त्याची झळ आसपासच्या पेशींनाही लागते.

ती झळ विझवायला शरीराकडे विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आहेत. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये त्यातलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज ओळखलं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, पुढे कॅटालेज हे दुसरं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. खरचटल्यावर पेरॉक्साइड ओतलं की फसफसतं ना, ती कॅटालेजचीच करामत.

अनेक अभ्यासांत मुरमं असलेल्यांच्या रक्तात एमडीए जास्त आढळला आहे. विकरांचे आकडे मात्र एकसारखे नाहीत. कुठे कमी, तर कुठे जास्त. शिवाय एमडीए काही मुरमांचा खास साक्षीदार नाही. निपाणीकडच्या तंबाखूचा धूर ओढणाऱ्याचाही तो वाढतो, मधुमेह्याचाही. त्यामुळे मुरमांसाठी ही तपासणी करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. ती संशोधकांच्या कामाची. डॉक्टर चेहरा बघूनच औषध देतात.

आणि त्या औषधाची गंमत बघा. भाचीला मिळालेलं मलम बेंझॉइल पेरॉक्साइडचं, म्हणजे जिवाणूला मारायला तेही ऑक्सिडीकरणच वापरतं. तिच्या निळ्या अभ्र्यावर पांढरट डाग पडलेत ते त्याचेच. आई म्हणते, साबण बदलला म्हणून.