पॅनिक अटॅक (तीव्र भीतीचा झटका)

पॅनिक अटॅक : अचानक उसळून काही मिनिटांत शिगेला पोचणारी तीव्र भीती आणि तिच्यासोबतची शारीरिक लक्षणे. छातीत धडधड, दरदरून घाम, हातपाय थरथरणे, श्वास अपुरा पडणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, बोटांना मुंग्या, भोवतालचे सगळे खोटे वाटणे आणि ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ अशी खात्री, यांपैकी निदान चार लक्षणे एकदम आली की त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. बहुतेक झटके दहा मिनिटांत कळसाला पोचतात आणि मग ओसरू लागतात. अनेकांना आयुष्यात एखादाच झटका येतो. तो आजार नव्हे. झटके ध्यानीमनी नसताना पुन्हापुन्हा आले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीत महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ गेला, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

झटक्यात शरीर बिघडलेले नसते. संकट दिसताच पळायला किंवा लढायला तयार करणारी यंत्रणा संकट नसताना चालू झालेली असते. अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भरभर होतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि मुंग्या, चक्कर, डोके हलके होणे हे सारे त्यातून येते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राची मांडणी केली : धडधड जाणवते, माणूस तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. उपचार हे चक्र जिथे तुटते तिथेच करावे लागतात.

ही लक्षणे हार्ट अटॅकसारखीच असतात, म्हणून पहिली तपासणी हृदयाची असते, आणि ती टाळू नये. छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा. थायरॉईड, रक्तक्षय, साखर उतरणे, दमा यांतही अशीच लक्षणे दिसतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : आज बागेत फवारणी केली होती का? ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, चक्कर आणि श्वास कोंडणे असते, आणि तिला तातडीचा वेगळा उपचार लागतो.

खरी हानी बहुधा यानंतर सुरू होते. ईसीजी नॉर्मल येतो, ‘काही नाही, गॅस आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. रुग्णाला मात्र काहीतरी झालेले असते, म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, पुन्हा ईसीजी काढतो. घरात कुणी नजर काढते. दरम्यान तो झटका आला ती जागा टाळू लागतो : आधी कसारा घाटातला प्रवास, मग लिफ्ट, मग रामकुंडावरची गर्दी, शेवटी एकट्याने घराबाहेर पडणेच. टाळल्यावर मिळणारा सुटकेचा श्वासच भीतीला खतपाणी घालतो.

बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणे टप्प्याटप्प्याने बदलणारा उपचार, नेमका इथे उपयोगी पडतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून नाशिकरोडला जाणाऱ्या बसची भीती बसली असेल, तर आधी नुसते थांब्यावर बसायचे. मग सोबतीने शालिमारपर्यंत, मग द्वारकेपर्यंत, मग तेवढेच अंतर एकट्याने. भीती चढली तरी लगेच उतरायचे नाही. ती आपोआप खाली येईपर्यंत बसून राहायचे. काही वेळा थेरपिस्ट मुद्दाम जिने चढायला लावून धडधड आणतात, म्हणजे धडधड म्हणजे मरण नव्हे हे शरीरालाच कळते. सोबत गरजेप्रमाणे एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवरची) औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ती मनाने बंद करू नयेत. झोपेच्या आणि ‘शांत करणाऱ्या’ बेन्झोडायझेपिन गोळ्यांनी लगेच बरे वाटते खरे, पण त्यांची सवय लागते. दुकानदाराकडून परस्पर त्या घेणे धोक्याचे आहे.

झटका आलेल्याभोवती गर्दी करू नये. कांदा हुंगवणे, तोंडाला कागदी पिशवी लावणे हे उपाय सोडून द्यावेत. पिशवी तर हृदयविकार किंवा दमा असेल तर घातक ठरते. एकाने शेजारी बसावे आणि ‘हे जाईल, मी इथेच आहे’ असे सांगावे. चार अंकांपर्यंत श्वास आत, सहापर्यंत बाहेर, असा संथ श्वास सोबतीने घ्यावा. ‘घाबरतोस काय एवढं?’ हे वाक्य कुणालाही कधी शांत करत नाही.

झटके नसले तरी दीर्घ ताण माणसाला पोखरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे घड तयार असताना गारपीट झाली की वर्षभराचे पीक आणि कर्जाचा हप्ता एका दुपारी जातो. लासलगावात कांद्याचा भाव कोसळला की घराघरांत झोप उडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीत जागे राहण्यासाठी घेतलेला चहा आणि एनर्जी ड्रिंक चिंता वाढवतात. कॅफिन कमी करणे हा साधा, पण खराखुरा उपाय आहे. आर्थिक संकटातल्या घरात कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत, किल्ली दुसऱ्याकडे असावी. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. नाशिकमध्ये तसे रुग्णालय नाही, पण चिंता आणि पॅनिकसाठी त्याची गरजही नसते. हे उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे असते, त्यामुळे पॉलिसी घेताना हे विचारून घ्यावे.