रिबेका ऑफ सनीब्रूक फार्म

केट डग्लस विगिन (१८५६–१९२३) यांची १९०३ मधली अमेरिकन बालकादंबरी. विगिन मूळच्या शिक्षिका, १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गरीब वस्तीतल्या मुलांसाठी फुकट बालवाडी काढणाऱ्या, त्यामुळे पोरांचं बोलणं त्यांच्या कानात पक्कं बसलेलं. लहानपण मेन राज्यातल्या हॉलिसला गेलं, कादंबरीतलं काल्पनिक रिव्हरबरो बहुधा त्याच भागावरून घेतलंय.

रिबेका सात भावंडांतली दुसरी. वडील लॉरेंझो गाणं शिकवायचे, हातात पैसा कधी टिकला नाही, ते वारले तेव्हा मागे गहाण पडलेलं शेत आणि पोरांचं लटांबर. मावश्यांनी, म्हणजे मिरांडा आणि जेनने, खरं तर थोरल्या हॅनाला बोलावलं होतं, पण ती घरकामाला लागते म्हणून आईने हिला धाडलं. गोष्टीतली गंमत मुलीच्या अवखळपणात असली तरी सगळं चालतं त्या गहाणखतावर, हे पुष्कळदा विसरलं जातं. सिम्पसन नावाच्या कंगाल कुटुंबाला बक्षिसाचा दिवा मिळावा म्हणून रिबेका मैत्रिणीसोबत दारोदार साबण विकते आणि अ‍ॅडम लॅड नावाचा श्रीमंत गृहस्थ एकदम ३०० वड्या घेऊन टाकतो, हा प्रसंग सगळ्यात लोकप्रिय (लॅड वयाने बराच मोठा, त्यामुळे पुढे दोघांचं जुळेल अशी सूचना आजच्या वाचकाला जरा खटकतेच).

सगळ्यात जास्त वाद आहे तो कॅनेडियन लेखिका एल. एम. माँटगोमेरी यांच्या १९०८ च्या 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स'वर हिची छाप किती याचा. दोन्हीकडे बडबडी, कल्पनेत रमणारी मुलगी, मागितलेलं मूल एक आणि आलेलं भलतंच, येताना घोडागाडीवर शेजारी एक मायाळू म्हातारा, घरात कडक अविवाहित बाई आणि शेवटी कर्तव्यासाठी स्वतःचं पुढचं बाजूला ठेवणं. अभ्यासक कॉन्स्टन्स क्लासेन यांनी १९८९ मध्ये ही साम्यं नीट मांडली. माँटगोमेरी स्वतः मात्र, म्हाताऱ्या जोडप्याने मुलगा मागितला आणि चुकून मुलगी आली, अशा जुन्या वहीतल्या टिपणाकडे बोट दाखवतात. लेखन कधी सुरू झालं त्यातही घोळ, आत्मकथनात १९०४ आणि रोजनिशीवरून १९०५ च्या सुमारास, पण कुठलंही धरलं तरी रिबेका आधीची, म्हणजे तारखांवरून निकाल लागत नाही. पोरक्या मुलीने रुक्ष घर जिंकायचं हा साचा 'हायडी' या स्विस बालकादंबरीपासून (१८८०) चालत आलेला, दोघींनी तो उचलला असं म्हणणं जास्त पटतं, पण गाडीवरचा म्हातारा आणि बदललेलं मूल एवढं बारीक जुळणं निव्वळ साच्यावर ढकलणंही अवघड.

अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन यांनी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या वेळी मंचुरियातल्या युद्धछावणीतून विगिनना कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. १९०७ मध्ये 'न्यू क्रॉनिकल्स ऑफ रिबेका' आलं, पण त्यात गोष्ट पुढे जात नाही, मधल्या काळातलेच प्रसंग आहेत. मेरी पिकफर्डचा मूकपट १९१७ चा. शर्ली टेंपलच्या १९३८ च्या सिनेमात रिबेका रेडिओवर गाते, मूळ कथेतलं नावापुरतंच उरलंय.