डिलन की डलन? वेल्श बाळनावांतल्या ‘वाय’ (Y) अक्षराची पार्श्वभूमी

बाळाला वेल्श नाव ठेवू पाहणाऱ्या आईबापांना पहिला दिलासा असा मिळतो, की वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा, लिहिली तशी वाचायची. इंग्रजीसारखा लहरी कारभार तिथे नाही. हे बरंचसं खरं आहे. एका एफचा उच्चार ‘व’, दोन एफचा ‘फ’. डब्ल्यू बहुतेकदा सरळ ‘उ’ किंवा ‘ऊ’. जोर जवळपास नेहमी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. एस-आयपुढे स्वर आला की ‘श’, त्यामुळे जेनचं वेल्श रूप असलेलं नाव आपण ‘सियान’ वाचतो ते प्रत्यक्षात ‘शान’ आहे. सी नेहमी ‘क’, म्हणून ‘केरी’ची कधी ‘सेरी’ होत नाही. जुन्या वेल्शमध्ये या जागी के हे अक्षरही सर्रास असायचं. १५६७ साली बायबलचा नवा करार वेल्शमध्ये छापताना छापखान्यात केचे खिळे पुरेना, म्हणून सी वापरला गेला आणि तोच पुढे रूढ झाला. आज इंग्रजीच्या सवयीने ‘केरिस’ला ‘सेरिस’ म्हणून हाक मारली जाते, तेव्हा त्यात त्या खिळ्यांच्या टंचाईचाही वाटा असतो.

एवढं एका दुपारी पाठ होतं. मग वाय समोर येतो.

वेल्श वायला दोन उच्चार आहेत. एक स्वच्छ, ‘इ’कडे झुकणारा, उत्तर वेल्समध्ये तो घशाच्या बाजूला थोडा मागे सरकतो. दुसऱ्याला तिथे काळोखा म्हणतात, आणि तो म्हणजे आपला साधा ‘अ’. शब्दाच्या शेवटच्या तुकड्यात स्वच्छ, त्याआधी काळोखा, असा ढोबळ नियम. डोंगराला वेल्शमध्ये जो शब्द आहे त्यात वाय दोनदा येतो आणि तो ‘मनिद’ असा वाचतात: पहिला वाय अ, दुसरा इ. (त्यातला ‘द’ जोडडीचा, इंग्रजी ‘दिस’मधल्यासारखा जिभेवरून घासत जाणारा.) ‘डाविद’ आणि ‘केरिस’मध्ये वाय शेवटच्या तुकड्यात, म्हणून इ. ‘मवान्वी’ या मुलीच्या नावात सुरुवातीचा वाय अ. अपवादही आहेत. ‘ग्विनेद’ या प्रांतनामात डब्ल्यूच्या शेजारामुळे आधीचा वायही स्वच्छ राहतो, आणि काही एकाक्षरी अव्ययं मुळातच काळोखी आहेत. मराठी माणसाने यावर फार कुरकुर करू नये. ‘चूल’ आणि ‘चिंच’ यांतले दोन च आपण एकाच अक्षरात लिहितो आणि परक्याने ते आपोआप ओळखावेत अशी अपेक्षा धरतो.

हा दुहेरीपणा आला कुठून? वेल्शमध्ये एके काळी जोर शब्दाच्या शेवटच्या तुकड्यावर असायचा. आधीचे स्वर त्यामुळे दबले, मवाळ झाले. पुढे जोर एक घर मागे सरकला, पण दबलेला स्वर दबलेलाच राहिला. म्हणून ‘अ’सारखा बारीक स्वर वेल्शमध्ये थेट जोराखाली उभा दिसतो. इंग्रजी वाचणाऱ्याला वाय दिसला की इ किंवा आय सुचतो, अ सुचत नाही.

सगळा गोंधळ एकवटला तो एका नावात: डी-वाय-एल-ए-एन. मध्ययुगीन हस्तलिखितांतून आलेल्या मॅबिनोगी या वेल्श कथांच्या चौथ्या शाखेत अरिअन्रॉद नावाच्या स्त्रीचा हे नाव मिळालेला एक मुलगा बाप्तिस्मा होताच समुद्राकडे धावतो आणि माशासारखा पोहू लागतो. एवढीशी भूमिका, पण नाव राहिलं. या कथांचा इंग्रजी अनुवाद १८३८ ते १८४९ दरम्यान भागाभागांनी निघाला आणि ऱ्हिआनन, ब्रान्वेन, गेराइंट अशी जुनी नावं पुन्हा पाळण्यापर्यंत पोचली. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी स्वान्सीत एका इंग्रजीच्या मास्तरांनी आपल्या मुलासाठी त्या पोहणाऱ्या पोराचं नाव उचललं. नियमाप्रमाणे वाय पहिल्या तुकड्यात, म्हणून काळोखा: ‘डलन’. आईला धास्ती वाटली, की शाळेतली पोरं त्याला ‘डल वन’, म्हणजे मठ्ठ, म्हणून चिडवतील. (मराठी शाळेतही त्याची सुटका नव्हती, ‘शत्रूचं दलन’ कुणीतरी काढलंच असतं.) त्या घरातले आईवडील दोघेही वेल्श बोलणारे, पण मुलांना त्यांनी वेल्श शिकवली नाही, उलट इंग्रजी उच्चार घोटून घेण्यासाठी शिकवणी लावली. मुलगा कवी झाला: डिलन थॉमस. वेल्समधल्या रेडिओवर सुरुवातीच्या काळात निवेदक त्याचं नाव वेल्श पद्धतीने घेत. त्याने सांगून ठेवलं: ‘डिलन’ म्हणा.

इथे पक्ष घ्यावाच लागतो, आणि तो घेणारे दोन्हीकडे तावातावाने घेतात. एक बाजू म्हणते, नाव ज्याचं त्याचा उच्चार; माणसाने स्वतः सांगितल्यावर व्याकरणाचं काय काम? दुसरी बाजू म्हणते, त्याने स्वतःपुरतं सांगितलं, नावापुरतं नाही. त्याच्यानंतर जन्मलेल्या वेल्श बोलणाऱ्या घरातल्या पोराला त्याचा निर्णय का लागू व्हावा? मला दुसरी बाजू अधिक पटते. एका घराने इंग्रजीकडे तोंड वळवलं त्या काळातला तो निर्णय होता, आणि त्या घराला त्यासाठी दोष देण्याइतका तो काळ सोपा नव्हता. १९११च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ४३.५ टक्के होते, आणि मुलांनी पुढे जावं असं वाटणाऱ्या शिक्षितांना वाट इंग्रजीतूनच दिसत होती. पण त्या काळाची भीती आजच्या पाळण्यावर कशाला टांगायची?

१९६२ साली तर दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. फेब्रुवारीत रेडिओवरच्या एका वेल्श व्याख्यानाने इशारा दिला, की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी ही भाषा संपेल. त्याच वर्षी भाषेसाठी कायदा मोडायला तयार असलेल्यांची चळवळ उभी राहिली. पुढे इंग्रजी रस्तापाट्यांना हिरवा रंग फासला गेला तो तिच्याच काळात. आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये मिनेसोटाहून आलेल्या एका तरुण गायकाने, बॉब डिलनने, कायदेशीररीत्या ते नाव आडनाव म्हणून घेतलं, अर्थात इवालं. नंतर जगभर, महाराष्ट्रातही, हे नाव बहुतेकांच्या कानावर पडलं ते त्या गायकामुळे. इकडे १९६७ आणि १९९३चे भाषा कायदे आले, वेल्श माध्यमाच्या शाळा वाढल्या, सेरेन (तारा), एन्विस (इंद्रधनुष्य) अशी साध्या शब्दांची नावं सर्रास झाली. पण डिलन म्हणणाऱ्या जगाच्या गर्दीत डलन म्हणणारी वेल्श घरं कमीच पडतात.

वायनेच आणखी एक खोडी केली आहे, तीही कमी नाही. पांढरं किंवा पवित्र या अर्थाचं वेल्श विशेषण पुल्लिंगी ‘ग्विन’, स्त्रीलिंगी ‘ग्वेन’: आपल्या गोरा-गोरीसारखं. समासात आधीचा ‘ग’ गळतो. म्हणून मुलीचं नाव ‘ब्रॉन्वेन’, मुलाचं ‘कार्विन’. इंग्रजी देशांत मात्र ‘ब्रॉन्विन’ असं लिहून ते मुलींना ठेवलं जातं; ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाच्या एक माजी सभापती त्याच नावाच्या. वेल्श कानाला ते ‘गोरा सुनंदा’सारखं लागतं.

याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. वेल्श माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई: अमुक ‘अप’ तमुक, आपल्या मोडी कागदांतल्या ‘बिन’सारखं. १५३६ आणि १५४३च्या कायद्यांनी कोर्टकचेऱ्यांची भाषा इंग्रजी केली आणि बापाचं नाव हळूहळू आडनाव म्हणून गोठलं: अप ऱ्हिसचा प्राइस, अप हावेलचा पॉवेल, अब ओवाइनचा बोवेन. जोडएलचा आवाज इंग्रजी जिभेला झेपेना. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसता वारा सोडायचा, आपल्या ‘कोल्हा’तल्या ल्हमधला घोष काढला तर त्याच्या आसपास पोचता येतं. इंग्रजांनी त्याच्या जागी ‘फ्ल’ ऐकला, म्हणून एकाच ‘ल्विद’ नावाचे लॉइड आणि फ्लॉइड असे दोन वंश झाले. ‘ऱ्हिस’च्या बाबतीत मराठी माणूस फायद्यात आहे, ‘ऱ्हास’मधला ऱ्ह कुजबुजत म्हटला की झालं. १८३७ला सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली, तीही इंग्रजीतून, आणि घरातला इवान कागदावर एव्हन झाला तो झालाच.

२०२१च्या जनगणनेत तीन वर्षांवरचे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक वेल्श येत असल्याचं सांगतात. नावं मात्र भाषेपेक्षा पुष्कळ पुढे गेली आहेत: मेगन, ऱ्हिस, ओवेन ही वेल्शचा गंधही नसलेल्या घरांत दिसतात. वेल्समध्ये जन्मनोंदणी ४२ दिवसांत करायची असते आणि दाखला दोन्ही भाषांत मिळू शकतो. त्यावर उच्चाराचा रकाना नसतो. ‘शान’च्या डोक्यावरची टोपी, म्हणजे रोमन ए अक्षरावरची खूण, जिला वेल्शमध्ये छोटं छप्पर म्हणतात, तीही पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनीय ओळींत गळते, तिथे फक्त २६ साधी अक्षरं चालतात. रोमनमध्ये डी-वाय-एल-ए-एन लिहून आईबाप इ की अ हा प्रश्न मुलाच्या पहिल्या शाळेपर्यंत सहज लांबवू शकतात. कार्डिफमधल्या मराठी घराने बारशाची पत्रिका देवनागरीत छापायला घेतली, तर ड नंतर काय, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं.