परदेशातून आपल्याकडच्या संस्थेला देणगी द्यायची आहे? आधी पासपोर्ट पाहा

कुणाला आपल्या जुन्या शाळेला संगणक द्यायचे असतात, कुणाला वसतिगृहातल्या एखाद्या मुलीचा वर्षाचा खर्च उचलायचा असतो. सांगली-कोल्हापुरात पूर आला की ह्यूस्टनपासून दुबईपर्यंतच्या मराठी घरांतून विचारणा सुरू होते, ‘पैसे कुठे पाठवू?’ इच्छा मनापासून असते, रक्कमही तयार असते. पण घाईत कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या खात्यात पैसे जातात आणि काही दिवसांनी संस्थेचा खजिनदार कळवतो की ही रक्कम आम्हाला ठेवून घेता येत नाही. देणारा दुखावतो. खजिनदाराचा मात्र यात दोष नसतो, कायद्याने त्याचे हात बांधलेले असतात.

हा कायदा म्हणजे परदेशी अंशदान नियमन कायदा, 2010. सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. त्यातली एक गोष्ट नीट समजली की बाकीचं सोपं होतं: तुम्ही कुठे राहता हे हा कायदा विचारत नाही, तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात हे विचारतो.

पासपोर्ट भारतीय असेल तर

तुम्ही वीस वर्षं मस्कतमध्ये असा नाहीतर ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत, पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘परदेशी अंशदान’ ठरत नाही. ती संस्थेच्या नेहमीच्या खात्यात जाऊ शकते. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या इथल्या बँक) खात्यातून पाठवा नाहीतर परदेशातल्या बँकेतून थेट. आखातात काम करणाऱ्या कोकणातल्या बहुतेक मंडळींसाठी हाच रस्ता आहे, आणि तो सर्वांत सोपा आहे.

सोबत द्यायची कागदपत्रं मोजकी आहेत: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, पॅन, परदेशातला पत्ता आणि ‘ही रक्कम माझ्या वैयक्तिक बचतीतली आहे’ असं सहीचं दोन ओळींचं पत्र. संस्थेने पासपोर्टची प्रत मागितली तर राग मानू नका. उद्या तपासणी झाली तर देणगीदार भारतीय नागरिक होता हे तिलाच दाखवावं लागतं. प्रतीवर ‘केवळ देणगीसाठी’ असं लिहून तारीख टाकलीत की तुमचीही काळजी मिटते.

परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर

अमेरिकन, ब्रिटिश किंवा दुसरा कोणताही परदेशी पासपोर्ट आला की तुमची देणगी परदेशी अंशदान ठरते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने यात काहीच फरक पडत नाही. जाणकार माणसंही इथेच अडखळतात. समजा, ठाण्यात तुमचा फ्लॅट आहे, त्याचं भाडं तुमच्या एनआरओ खात्यात जमा होतं आणि त्यातूनच तुम्ही चेक दिलात. पैसा भारतातच कमावलेला, चेक रुपयांचा, बँकही इथलीच. तरीही तुम्ही परदेशी नागरिक आहात म्हणून ते परदेशी अंशदानच. नुसतं खातं पाहून खजिनदाराला हे कळत नाही, म्हणून तुम्ही स्वतःहून सांगायला हवं. नियम मोडला तर कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तुमच्या चांगल्या हेतूपायी एखाद्या विश्वस्तावर तशी वेळ येऊ नये.

अशी देणगी घ्यायची तर संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए नोंदणी हवी. ती पाच वर्षांसाठी मिळते आणि वेळेत नूतनीकरण झालं नाही तर संपते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ‘एफसीआरए खात्यात’च येतात. ही शाखा संसद मार्गावर आहे आणि तिचा कोड 00691. संस्था गडचिरोलीची असो वा सिंधुदुर्गची, पैसे आधी दिल्लीतच जमा होतात. त्यामुळे तुम्हाला दिलेल्या खात्याच्या आयएफएससी क्रमांकाच्या शेवटी हा कोड नसेल, तर थांबा आणि विचारा.

त्याच दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. संस्थेला परदेशी निधीतला जास्तीत जास्त 20 टक्केच भाग प्रशासकीय कामावर खर्च करता येतो, आणि हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘आमच्याकडे नोंदणी नाही, पण अमुक संस्थेच्या खात्यात टाका, ते आमच्याकडे वळवतील’ असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

दुसरी पळवाटही बरेच जण सुचवतात: पुण्यातल्या आईच्या किंवा भावाच्या खात्यात पाठवायचे आणि त्यांच्या नावाने देणगी द्यायची. जवळच्या नातेवाइकांना पैसे पाठवायला मोकळीक आहे. वर्षाला 10 लाख रुपयांच्या वर गेलं तर घेणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत एफसी-1 फॉर्म भरून गृह मंत्रालयाला कळवायचं असतं. पण ही सवलत कुटुंबासाठी आहे. संस्थेचा पैसा त्या वाटेने वळवणं म्हणजे कायद्याला बगल देणं, आणि त्यासाठी म्हाताऱ्या आईला पुढे करणं मला मुळीच योग्य वाटत नाही.

आपल्या आवडत्या संस्थेकडे नोंदणी नसेल तर? नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. लहान संस्थांना हे जड जातं. त्यांच्यासाठी ‘पूर्वपरवानगी’ची सोय आहे. ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी संस्था एफसी-3बी फॉर्म भरते आणि त्याला देणगीदाराचं वचनपत्र व प्रकल्पाचा आराखडा जोडते. वेळ लागतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून मोठी रक्कम द्यायची असेल तर मात्र हा खटाटोप जरूर करावा.

पूर-दुष्काळासाठीच द्यायचं असेल तर पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि पीएम केअर्स परदेशातून देणग्या घेतात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीलाही 2025 मध्ये एफसीआरए मान्यता मिळाली. 2018 च्या पुरानंतर केरळसाठी आखातातून येऊ घातलेली मदत अडली होती, ते आठवलं की या मान्यतेचं मोल कळतं.

संस्था खरी आहे का?

महाराष्ट्रातला न्यास धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो. तो नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला हवा. परदेशी देणगीसाठी एफसीआरएच्या सरकारी संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडून संस्थेचं नाव शोधा. नोंदणी चालू आहे, रद्द झाली आहे की मुदत संपली आहे, तेही तपासा. नाव अक्षरशः जुळतंय का ते पाहा. एकाच नावाची ‘मंडळ’ आणि ‘प्रतिष्ठान’ अशी दोन भावंडं असतात आणि नोंदणी त्यांतल्या एकाकडेच असते.

करसवलत: भारतातली वेगळी, तिकडची वेगळी

आयकर कायद्याच्या 80जी कलमाखालची देणगीची पावती भारतातल्या उत्पन्नावरच्या करासाठी उपयोगी आहे. इथे भाडं किंवा ठेवींवरचं व्याज मिळत असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच तिचा फायदा. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम वजा होते, तीही समायोजित उत्पन्नाच्या (म्हणजे इतर ठरावीक वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या) 10 टक्क्यांपर्यंतच्या देणगीवरच. म्हणजे असं उत्पन्न 6 लाख असेल तर मर्यादा 60,000 रुपये. 40,000 दिलेत तर 20,000 ची वजावट. 2,000 रुपयांहून जास्त रोख दिलीत तर काहीच नाही. नुसती पावती पुरत नाही, संस्थेने आयकर विभागाकडे तपशील भरल्यावर निघणारं 10बीई प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी संस्थेला 31 मे ही मुदत असते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांची फेरमांडणी झाली, त्यामुळे त्यानंतरच्या देणगीची कागदपत्रं नव्या क्रमांकांनुसार मागून घ्या.

अमेरिकेत या पावतीचा उपयोग नाही. तिथे वजावट हवी तर देणगी तिथल्या 501(सी)(3) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला द्यावी लागते. महाराष्ट्र फाउंडेशन 1978 पासून, आशा फॉर एज्युकेशन आणि एआयडी (असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट) 1991 पासून अमेरिकेत उभ्या आहेत आणि भारतातल्या कामांना बळ देतात. 250 डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर संस्थेचं लेखी पोचपत्र लागतं. 2026 पासून वजावटींची यादी न भरणाऱ्यांनाही पैशांच्या रूपातल्या देणगीवर 1,000 डॉलरपर्यंत, एकत्र विवरण भरणाऱ्या जोडप्याला 2,000 पर्यंत वजावट मिळते. आणि नोकरीच्या ठिकाणी जरूर चौकशी करा. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, आणि ही सोय न वापरता वर्ष निघून जातं.

ब्रिटनमध्ये गिफ्ट एडचा फॉर्म भरलात तर प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स सरकार संस्थेला देतं. अट एवढीच की तेवढा कर तुम्ही भरलेला असावा आणि संस्था तिथे मान्यताप्राप्त असावी.

गोळा करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी

स्वतःचं देणं वेगळं आणि वर्गणी काढणं वेगळं. संयुक्त अरब अमिरातीत 2021 च्या केंद्रीय कायद्याने व्यक्तींना देणग्या गोळा करायला मनाई आहे. ते काम परवानाधारक संस्थांनीच करायचं. गणेशोत्सवाच्या ग्रुपवर ‘गावच्या शाळेसाठी प्रत्येकी शंभर दिरहम’ असा निरोप टाकणंही अंगाशी येऊ शकतं. सिंगापूरमध्ये परदेशातल्या कामासाठी लोकांकडून निधी गोळा करायला परवाना लागतो. अशा ठिकाणी ज्याने त्याने आपापल्या खात्यातून थेट संस्थेला पाठवावं.

पैसे पाठवण्याआधी संस्थेला हा मजकूर ईमेलने पाठवा:

‘सप्रेम नमस्कार. मी सध्या (शहर, देश) येथे असून माझा पासपोर्ट (देश) चा आहे. आपल्या (कामाचे नाव) साठी (रक्कम) देण्याची इच्छा आहे. आपला न्यास नोंदणी क्रमांक, पॅन, एफसीआरए नोंदणी क्रमांक व तिची मुदत, आणि माझ्या नागरिकत्वानुसार कोणत्या खात्यात रक्कम भरावी, हे संस्थेच्या लेटरहेडवर कळवावे. पावती कोणत्या नावाने व किती दिवसांत मिळेल, हेही कळवावे.’

उत्तर आलं की बँकेच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, देश आणि देणगीचा उद्देश पूर्ण भरा. एफसीआरए खात्यात जाणाऱ्या रकमेबरोबर हे तपशील पाठवणं रिझर्व्ह बँकेने मार्च 2023 पासून बंधनकारक केलं आहे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक त्याच दिवशी संस्थेला कळवा, नाहीतर ही रक्कम कुणाची हे खजिनदार शोधत बसतो. आणि लेटरहेडवरच्या उत्तराऐवजी ‘तुम्ही पाठवा, आम्ही बघून घेऊ’ एवढाच निरोप आला, तर पाठवू नका. त्याच भागात तेच काम करणारी, कागदपत्रं चोख असलेली संस्था शोधा.