हार्डविक हॉल: भिंती कमी, काचच जास्त

इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा हार्डविक हॉल म्हटलं की सगळे आधी खिडक्यांबद्दलच बोलतात, भिंतीपेक्षा काच जास्त अशी तिकडे म्हणच पडलीये. आज काचेच्या बिल्डिंगचं कुणाला कौतुक नाही, पण १५९० च्या आसपास काच म्हणजे निव्वळ श्रीमंती, आणि बांधणाऱ्या बाईला तीच तर दाखवायची होती.

बाई म्हणजे बेस ऑफ हार्डविक. इथल्याच बेताच्या जमीनदार घरातली, चार लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नागणिक इस्टेट वाढत गेली. चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी, म्हणजे ज्याच्या ताब्यात स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती तोच. त्याच्याशी बिनसलं तशी ही माहेरी आली आणि १५८७ मध्ये तिथलं जुनं घर वाढवायला घेतलं. १५९० ला नवरा गेला, हातात पैसा आला, मग जुन्याचं काम पुरं व्हायची वाट कोण बघतंय, साठी उलटलेल्या बाईने शेजारीच दुसरं घर काढलं! १५९७ मध्ये राहायला गेली.

नकाशा त्या काळचा वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसन याचा मानतात. गंमत अशी की तळमजला बुटका, वरचा उंच, त्याच्या वरचा अजून उंच, आणि खिडक्याही तशाच वाढत जातात, कारण खाली नोकरचाकर, मध्ये घरचे आणि सगळ्यात वर बडे पाहुणे. राणी एलिझाबेथ येईल म्हणून वर मोठा दिवाणखाना केला, ती काही आली नाही. बाहेरून सगळं सारखं दिसावं म्हणून काही खिडक्या नुसत्या शोभेच्या, मागे चक्क धुराडं. आणि सहाही बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरलेली बाईंची आद्याक्षरं, ई आणि एस (एलिझाबेथ श्रूजबरी, बेस हे एलिझाबेथचंच लाडकं रूप), लांबूनच दिसावीत अशी (आपल्याकडे गाडीच्या मागे नाव टाकतात त्यातलाच प्रकार).

पुढे वंशज, म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशायर, जास्त करून त्यांच्या दुसऱ्या वाड्यात, चॅट्सवर्थला, राहिले, त्यामुळे इकडे फारशी तोडफोड झाली नाही. १९५९ पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

वरच्या लांबलचक गॅलरीत बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीचे विणलेले भलेमोठे पडदे आहेत, ते १५९२ मध्ये सेकंडहँड घेतलेले. त्यावर आधीच्या मालकाचं, हॅटनचं, घराण्याचं चिन्ह होतं, ते बदलावं लागणार म्हणून बाईंनी किमतीत ५ पौंड कमी करून घेतले. मग त्या चिन्हावर स्वतःचं चिकटवलं आणि हॅटनच्या हरिणींना शिंगं रंगवून त्यांचे नर हरीण करून टाकले.