बारीक आवाज आला तरी बटण दाबा

नानांची ऐकण्याची पहिली तपासणी झालीच नाही. सकाळची पहिली एसटी धरून आम्ही जळगावला पोचलो, तासभर बाकावर बसलो, नंबर आला. डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं तर आत तेलात भिजून फुगलेल्या मळाचा काळा बोळा. "पडदाच दिसत नाही. मळ काढून या, आज तपासून काही उपयोग नाही," असं त्यांनी सांगितलं. चूक आमची होती. उद्या कान तपासायचेत, तर ते मोकळे असावेत म्हणून काकूंनी आदल्या रात्री लसूण टाकून तेल कोमट केलं आणि दोन्ही कानांत घातलं होतं.

खान्देशात हे घरोघरी चालतं आणि मायेपोटीच चालतं. पण कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद असलेली. मळ तयार होतो तो नळीच्या बाहेरच्या भागात, आणि आपण जेवताना-बोलताना जबडा हलतो तसा तो हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. इअरबड, आगकाडी किंवा केसातली पिन घातली की तो उलटा आत ढकलला जातो. पडद्याला आधीपासून भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि कान वाहायला लागतो. म्हणून तपासणीच्या चार-पाच दिवस आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवून घ्यावा, मळ असेल तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावा, आणि नंतर कानात काहीही घालू नये. आठवडे बाजारात कान साफ करून देणारे बसतात, त्यांच्याकडे तर मुळीच जाऊ नये.

नाना माझे चुलते, वय ६३. स्वतःची कोरडवाहू जमीन, आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, काम. अशा बावीस हंगामांनंतर ते थांबले. जिनिंगच्या शेडमध्ये जो कधी उभा राहिला असेल त्याला माहीत आहे, हातभर अंतरावरच्या माणसाशीही तिथे ओरडूनच बोलावं लागतं. हीच त्या आवाजाची घरगुती मोजणी समजा. हाताच्या अंतरावर आवाज चढवावा लागत असेल तर तिथला गोंगाट साधारण ८५ डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त असतो, आणि रोज आठ तास तेवढ्या आवाजात राहिलं तर वर्षानुवर्षांनी कान जातो. डेसिबलची चढण फसवी आहे. आकडा ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ८८ डेसिबलला चार तासच पुरे आणि ९१ ला दोनच.

कान तपासायचा विषय काढला की नाना चिडत. "माले समदं ऐकू येस, तुम्हीच हळू बोलतस." आणि ते खोटं बोलत नव्हते. ट्रॅक्टर, कुत्र्याचं भुंकणं, देवळातला घंटानाद, सगळं त्यांना ऐकू येत होतं. फक्त एकदा माझ्या मुलाने फोनवर "आठ वाजता फाट्यावर या" म्हटलं आणि नाना सातला जाऊन थंडीत तासभर उभे राहिले. आणखी एक गोष्ट ते वारंवार बोलून दाखवत. फवारण्या वाढल्यापासून शेतातले रातकिडे संपले म्हणत. मला ते पटायचंही. मग एका रात्री खळ्यावर आम्ही दोघं बाजेवर बसलो होतो, चहूकडून रातकिड्यांची किरकिर चालू होती, आणि नाना म्हणाले, बघ, कसं सामसूम झालंय. त्या रात्री मी तपासणीचं मनावर घेतलं.

असं का होतं, ते कानाच्या आत गेल्यावर कळतं. आवाजाने पडदा थरथरतो, त्याला जोडलेली तीन चिमुकली हाडं ती थरथर पुढे पोचवतात (शेवटचं रिकिबीच्या आकाराचं हाड जेमतेम ३ मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यांत लहान), आणि मग ती गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीतल्या पाण्यात उतरते. त्या शंखात एका कानामागे साधारण १५ हजार केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, टोकदार सूर ओळखणाऱ्या पेशी आणि अगदी आतल्या टोकाला जाड, खर्जातले सूर ओळखणाऱ्या. या शंखात लाट कशी धावते हे शोधून काढल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. गोंगाटाचा आणि वयाचा मार प्रामुख्याने तोंडाजवळच्या पेशींवर बसतो. कोंबडीच्या कानात अशा पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

आता आपली भाषा घ्या. अ, आ, ओ हे स्वर जाड सुरात असतात आणि शब्दाला आवाज देतात. स, श, त, ठ, फ, ख ही व्यंजनं बारीक सुरात असतात, आवाजाने दुबळी असतात, पण शब्दाचा अर्थ तीच ठरवतात. बारीक सूर गेले की सात, साठ, आठ, हात या सगळ्यांतला 'आ' तेवढा नीट पोचतो आणि बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार कानाच्या आजाराची अगदी नेमकी खूण आहे. रातकिड्याची किरकिर साधारण ४ ते ५ हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपांच्या, आसपास असते. नानांच्या कानातलं तेच शेत ओसाड झालं होतं.

मळ काढून झाल्यावर दुसरी तारीख मिळाली ती नेमकी पुतण्याच्या हळदीच्या दुसऱ्या दिवसाची. मी फोन करून ती बदलून घेतली. हळदीला डीजे लागणार आणि नाना मांडवातच बसणार हे ठरलेलं. मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर होतो, सुन्न वाटतो, त्यात सूं-सूं वाजत राहतं. त्या अवस्थेत मोजलं तर कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. म्हणून तपासणीआधीचे निदान १४ ते १६ तास शांततेत जावेत. जिनिंग, डाळ मिल, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, थ्रेशर, यांवर काम करणाऱ्याने सुटीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मागावी. सर्दीने कानांना दडे बसले असतील तरी फोन करून तारीख पुढे ढकलता येते का ते विचारावं. उपाशी पोटी यायचं का, असं नानांनी मला तीनदा विचारलं. नाही. उलट पोटभर नाश्ता करून, नीट झोपून जावं, कारण अर्धा-पाऊण तास लक्ष एकवटून बसायचं असतं.

सोबत काय न्यायचं? चालू औषधांची चिठ्ठी, आणि जुन्या मोठ्या आजारांची आठवण. काही औषधं कानाच्या केसपेशी मारतात. क्षयाच्या जुन्या उपचारातलं स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन ही त्यांतली ठळक नावं. बीपी, मधुमेह, लहानपणी कान वाहायचा का, घरात आणखी कोणाला कमी ऐकू येतं का, चक्कर येते का, कानात भुंगा गुणगुणल्यासारखं होतं का, एकाच कानाला त्रास आहे की दोन्ही, हे सगळं घरीच कागदावर लिहून काढावं. आणि रोज ज्याच्याशी बोलणं होतं असा एक माणूस बरोबर असावा. नाना डॉक्टरांना "तसा काही त्रास नाही" म्हणाले. काकूंनी टीव्हीचा आवाज किती लागतो ते सांगितलं, आणि फाट्यावरचा तो तासही सांगितला. निदानाची सुरुवात तिथून झाली.

तपासणीची खोली म्हणजे आतून स्पंजसारखं अस्तर लावलेली कपाटाएवढी केबिन, जाड दार, काचेची एक खिडकी. चष्मा, टोपी काढून ठेवायची. बायकांनी कुड्या, वेल, केसांतल्या पिना काढायच्या, म्हणजे हेडफोन नीट बसतो. नानांच्या हातात बटण दिलं. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्यापासून, बहुधा १००० हर्ट्झच्या सुरापासून सुरुवात होते. आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं की पुढचा आवाज १० डेसिबलने उतरतो, नाही दाबलं की ५ ने चढतो. असं खाली-वर करत, कान जिथे जेमतेम धरतो तो काठ शोधला जातो. मग २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत निरनिराळ्या सुरांवर तेच, आणि मग दुसरा कान.

इथेच बहुतेक जण चुकतात आणि नानाही चुकले. त्यांना ही परीक्षा वाटली. पक्कं ऐकू आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, चुकलो तर काय म्हणतील, या भीतीने ते थांबून राहत. त्यामुळे काठ खरा होता त्यापेक्षा वर यायला लागला. ताईंनी, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञ ऑडिओलॉजिस्टनी, हे ओळखलं, दार उघडलं आणि खाली वाकून, समोरासमोर सांगितलं, "नाना, लांबून कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, शंका आली, तरी दाबा. चूक-बरोबर काही नाही यात." काही माणसं उलट करतात. चांगला निकाल यावा म्हणून उगाच दाबत राहतात, किंवा काचेतून तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून दाबतात. रक्ताच्या तपासणीत तुम्ही काहीही म्हणा, रक्त खरं सांगतं. या तपासणीत मोजमाप तुमच्या अंगठ्यातून येतं, म्हणून तो प्रामाणिक असावा लागतो.

हेडफोननंतर कानामागच्या हाडावर एक छोटं कंप देणारं यंत्र लावतात. ते पडदा आणि ती तीन हाडं टाळून आवाज कवटीतून थेट शंखात पोचवतं. हाडातून नीट ऐकू आलं आणि हवेतून नाही, तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात, आणि तो पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. दोन्हींकडून सारखंच कमी आलं तर शंख किंवा नस. मध्येच दुसऱ्या कानात पाऊस पडल्यासारखी सळसळ सोडतात. घाबरू नये. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसऱ्याने चोरून ऐकू नये म्हणून ती असते.

मग शब्द म्हणून दाखवायचे. यातली एक गोष्ट मला इथल्या प्रत्येक घरापर्यंत पोचवावीशी वाटते. शब्दांच्या याद्या बहुधा प्रमाण मराठीत असतात. ज्या आजीचं सगळं आयुष्य अहिराणीत गेलं, किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ज्या माणसाची भाषा भिली किंवा पावरी आहे, त्याला शब्द ऐकू आला तरी ओळखीचा नसेल तर तो चुकेल, आणि ती चूक कानाच्या खात्यावर जमा होईल. म्हणून आपल्या घरची भाषा कोणती ते आधीच सांगावं. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही.

निकाल म्हणून जो आलेख मिळतो तो उलटा वाचायचा. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. नानांची रेघ डावीकडे जवळजवळ सपाट, २००० नंतर घसरलेली आणि ४००० वर खड्ड्यासारखी खोल. तो ४००० चा खड्डा गोंगाटाची सही मानली जाते. "म्हणजे किती टक्के बहिरा?" नानांनी विचारलं. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी टक्के वेगळ्या सूत्राने काढतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना बोलण्याच्या सुरांवर ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर ऐकण्यास जड आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर कर्णबधिर असं धरलं आहे. नाना त्यात बसत नव्हते. श्रवणयंत्र मात्र उपयोगी पडणार होतं. आलेखाची प्रत मागून घ्यावी, ती तुमच्या हक्काची आहे. यंत्र त्याच दिवशी घेतलंच पाहिजे असं कुणी म्हणालं तर घाई करू नये. तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे खुशाल विचारावं.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आता धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आहेत. कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करून जावं. तान्ह्या बाळासाठी मात्र बटण नसतं. ते झोपेत असताना तपासतात, म्हणून त्याला वाटेत झोपू न देता तिथे पोचल्यावर दूध पाजून झोपवावं लागतं. थाळी वाजवल्यावर बाळ दचकलं म्हणजे त्याला ऐकू येतं, असं धरून बसू नये. थाळीचा दणका जड कानालाही पोचतो, आणि 'सात'मधला 'स' तेवढा राहून जातो. आणि एक अपवाद: एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उपचाराला झालेल्या उशिराचा प्रत्येक दिवस महागात पडतो.

नानांचा मुलगा आता जिनिंगमध्येच जातो. आलेखावरचा खड्डा नानांनी त्याला बोटाने दाखवला. कापूस यायच्या आधी, सप्टेंबरमधल्या एका सोमवारी सकाळी नऊची वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतली आहे, आणि रविवारी पोराला गणपतीच्या मिरवणुकीला जायचं नाही म्हणून बजावून ठेवलं आहे.