पुश प्रक्रिया (कृष्णधवल छायाचित्रण)

फिल्मच्या नोंदीव संवेदनशीलतेच्या मानाने तिच्यावर जाणूनबुजून कमी प्रकाश पाडायचा आणि ती तूट फिल्म डेव्हलपरमध्ये (प्रतिमा दृश्य करणाऱ्या रसायनात) जास्त वेळ ठेवून, तापमान वाढवून किंवा अधिक जोरकस डेव्हलपर वापरून शक्य तितकी भरून काढायची, या पद्धतीला पुश प्रक्रिया म्हणतात. ४०० आयएसओची (आयएसओ हे संवेदनशीलतेचे माप) फिल्म ८०० धरून वापरली तर एक स्टॉप पुश (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचे एकक), १६०० धरून वापरली तर दोन स्टॉप. एफ/२ भिंगाला ४०० वर जिथे १/१५ सेकंद लागतो तिथे १६०० वर १/६० पुरतो, आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्थिर चित्र मिळण्याची शक्यता खूपच वाढते. रोल एकाच टाकीत एकदम धुतला जात असल्याने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मानाने काढावा लागतो.

या पद्धतीने फिल्मची संवेदनशीलता वाढते, हा समज फारच थोड्या प्रमाणात खरा आहे. पायसातील (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी जिलेटिनच्या थरातील) सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकावर प्रकाश पडला की त्यावर चांदीच्या अणूंचा अतिसूक्ष्म पुंजका तयार होतो. असे सुमारे चार अणू एकत्र आल्याखेरीज तो स्फटिक डेव्हलपरला प्रतिसाद देत नाही. गडद छायेतल्या ज्या स्फटिकांपर्यंत पुरेसा प्रकाश पोचलाच नाही, ते कितीही वेळ डेव्हलप केले तरी प्रतिमा देत नाहीत. देतात तो सर्वत्र सारखा करडा फॉग. जादा डेव्हलपमेंटने घनता (निगेटिव्हचा काळेपणा) वाढते ती मधल्या व उजळ छटांची. छाया जवळजवळ जागीच राहतात, उजळ भाग वर चढतात, म्हणून काँट्रास्ट व रवाळपणा दोन्ही वाढतात. आयएसओ मापनात फिल्मचा पाया व फॉग यांपेक्षा ०.१ जास्त घनता देणारे एक्स्पोजर (फिल्मवर पडलेला एकूण प्रकाश) हा आधारबिंदू धरतात. पुश केल्याने तो सहसा अर्ध्या स्टॉपच्या आसपासच सरकतो. दोन स्टॉप पुश केलेल्या निगेटिव्हमध्ये उरलेला दीड स्टॉप छायांमधून कायमचा गेलेला असतो.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे तिची मुळे काचेच्या कोरड्या प्लेटांच्या काळात, म्हणजे बहुधा १८८० च्या दशकात शोधावी लागतात. त्या वेळी लाल दिव्याखाली प्लेट डोळ्यांदेखत डेव्हलप होत असे. प्रतिमा उमटायला उशीर झाला, म्हणजे प्रकाश कमी पडला असे समजून छायाचित्रकार पायरो डेव्हलपरमध्ये अमोनियासारखा अल्कली थेंबाथेंबाने वाढवत. डेव्हलपरच्या कौशल्याने एक्स्पोजरमधली चूक दुरुस्त करता येते, असा व्यावसायिकांचा ठाम विश्वास होता. फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या विश्वासालाच धक्का दिला. एक्स्पोजर व घनता यांचा आलेख त्यांनी मांडला आणि डेव्हलपमेंटने आलेखाचा चढ तेवढा बदलतो, छटांचे परस्परप्रमाण एक्स्पोजरच्या वेळीच ठरते, असे प्रतिपादन केले. बऱ्याच छायाचित्रकारांना ते रुचले नाही. छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन यांनी मात्र छायाचित्रण ही कला आहे ही स्वतःची पूर्वीची भूमिका मागे घेताना या संशोधनाचाही दाखला दिला. पुढील अभ्यासात हर्टर व ड्रिफील्ड यांच्या नियमाला अपवाद आढळले. विशेषतः आलेखाच्या पायथ्याशी, म्हणजे नेमके छायांच्या भागात, तो काटेकोरपणे लागू पडत नाही. पुश प्रक्रियेला जो अर्धाएक स्टॉप खरोखर मिळतो, तो याच फटीतून.

दुसरे मत असे, की चूक झाल्यावरची दुरुस्ती आणि आधीच ठरवून कमी दिलेले एक्स्पोजर या दोन निराळ्या गोष्टी आहेत व पुश हे नाव दुसरीलाच शोभते. तशी ठरवून केलेली पद्धत ३५ मिमी. कॅमेऱ्याबरोबर, साधारणपणे १९३० नंतर रुळली असावी. जर्मन वृत्तछायाचित्रकार एरिख सालोमन यांनी १९२८ च्या सुमारास न्यायालये व परिषदांमध्ये फ्लॅशविना चित्रे टिपली, पण त्यांचा मुख्य आधार एरमानॉक्स कॅमेऱ्याचे वेगवान (जास्त प्रकाश आत घेणारे) भिंग हा होता. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरी १९५० च्या दशकातील दाखले जपून वाचावे लागतात. कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म १९५४ मध्ये ३५ मिमी. स्वरूपात आली ती २०० एएसए (आयएसओपूर्वीचे अमेरिकी माप) म्हणून. १९६० मध्ये एएसए मानकातील सुरक्षा-गुणक (एक्स्पोजर कमी पडू नये म्हणून आकड्यात धरलेली जादा सूट) सुमारे निम्म्यावर आणला गेला आणि पायस तेच असूनही तिचा आकडा ४०० झाला. म्हणजे १९५७ साली ‘४०० वर’ काढलेला ट्राय-एक्सचा रोल आजच्या मापाने पुश ठरतच नाही.

दिव्याच्या प्रकाशात आणखी एक वजावट होते. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असल्याने पँक्रोमॅटिक (सर्व रंगांना संवेदनशील) फिल्म त्यात किंचित मंद ठरते. जुन्या तक्त्यांत त्यासाठी वेगळा आकडा छापत.

डेव्हलपरांमध्ये फेनिडोन या रसायनाने युक्त मिश्रणे, विशेषतः इल्फर्डचे मायक्रोफेन, छाया थोड्या अधिक राखतात. इल्फर्ड एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म २०° से. ला आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात ४०० साठी साडेसात, ८०० साठी साडेदहा व १६०० साठी १४ मिनिटे डेव्हलप करतात. मायक्रोफेनमध्ये १६०० साठी ११ मिनिटे. कोडॅक टी-मॅक्स पी३२०० (१९८८) व इल्फर्ड डेल्टा ३२०० (१९९८) या फिल्म पुशसाठीच बनवलेल्या आहेत. त्यांची आयएसओ पद्धतीने मोजलेली संवेदनशीलता १००० च्या आसपास भरते. खोक्यावरचा आकडा पुश गृहीत धरूनच छापलेला असतो.

भारतात आयात निर्बंधांच्या काळात उदकमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स (स्थापना १९६०, उत्पादन १९६७ पासून) यांची ‘इंदू’ व पूर्व जर्मनीची ऑर्वो या फिल्म प्रचारात होत्या.

सोलापूरसारख्या ठिकाणी या पद्धतीची खरी कसोटी लागते, ती दोन कारणांनी. पहिले विषयाचे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्रीसिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि होमप्रदीपनाचा सोहळा अंधार पडल्यावर होम मैदानावर होतो. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी असते, चेहरे मात्र दिव्यांच्या उलट बाजूला अर्धे सावलीत. पुश प्रक्रिया नेमकी हीच दरी रुंदावते. कॅमेऱ्यातला मीटर पांढऱ्या कपड्यांना भुलून एक्स्पोजर आणखी कमी करतो व चेहरे उरतच नाहीत. म्हणून मोजमाप चेहऱ्यावर घ्यावे, एका स्टॉपपेक्षा जास्त पुश शक्यतो टाळावा, आणि डेव्हलपर पातळ करून टाकी कमी वेळा हलवावी. उजळ भागापाशी पातळ डेव्हलपर लवकर थकतो आणि पांढरे आटोक्यात राहते. त्याच मैदानावरील शोभेच्या दारूकामाला पुशची गरज नाही. ते स्वयंप्रकाशी असते. तिपाई व संथ फिल्म त्याला योग्य.

पूर्व भागातील यंत्रमागांच्या शेडमध्ये अडचण निराळी. चादरीचा माग चालू असताना धोटा स्थिर दिसावा असा वेग दोन स्टॉप पुश करूनही मिळत नाही. शिवाय जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे १/१०० पेक्षा जलद शटरवर एक्स्पोजर चित्रागणिक बदलते, कधी एकाच चित्रात पट्टे उमटतात. १/६० वर धोटा फिका, हललेला येऊ द्यावा आणि विणकराचा चेहरा व हात राखावेत, हे इथे जास्त हिताचे.

दुसरे कारण उष्म्याचे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४०° से. च्या वर जाते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३०° च्या खाली क्वचितच येते. तापमान चढले की डेव्हलपमेंटचा वेळ वेगाने आक्रसतो. २०° ला साडेसात मिनिटे लागणारा साधा रोल ३०° ला हिशेबाने तीन मिनिटांच्याही आत उरकावा लागेल, आणि इतक्या थोड्या वेळात तो सर्वत्र सारखा डेव्हलप होत नाही. १४ मिनिटांचा पुश रोल त्याच तापमानाला पाच मिनिटांच्या आसपास येतो. वेळेपुरते पाहिले तर उन्हाळ्यात पुशच अधिक आवाक्यात राहतो, पण वाढलेला फॉग व मऊ पडणारे जिलेटिन यांनी हा फायदा बहुतेक खाऊन टाकला जातो. रसायन २४° पर्यंत उतरवून १४ ऐवजी साडेनऊ-दहा मिनिटे देणे हा व्यवहार्य मध्यम मार्ग आहे. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, द्रावण पातळ होते. बाटली बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवावी. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने माठातले पाणी चांगले गार होते व शेवटच्या धुण्यासाठी तेच साठवून वापरता येते. डेव्हलपर, हायपो (प्रतिमा पक्की करणारे रसायन) व धुण्याचे पाणी यांच्या तापमानांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, नाहीतर पायसाला बारीक सुरकुत्यांची जाळी पडण्याचा धोका असतो. जुन्या उष्णकटिबंधीय सूत्रांत जिलेटिन फुगू नये म्हणून सोडियम सल्फेट घालत आणि क्रोम अलमने पायस कठीण करून घेत. आजच्या बहुतेक फिल्म कारखान्यातच कठीण केलेल्या असल्याने ही गरज कमी झाली आहे. यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, यातले काहीच करावे लागत नाही.

पुश निगेटिव्हचे प्रिंट मऊ दर्जाच्या, म्हणजे कमी काँट्रास्टच्या कागदावर काढतात. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेतही पुश करता येतो. तिथे डेव्हलपरचे तापमान ३७.८° से. व नेहमीचा वेळ सव्वातीन मिनिटे असतो. तो वाढवला की तिन्ही रंगांचे थर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत आणि छायांमध्ये रंगाची झाक येते.